स्वच्छ बोटाचे दिवस

१० मार्च, मंगळवार

दादा,

मुंगी तिच्याच शाळेत, तिच्याच वर्गात राहणार. काल दुपारी चार वाजता शिक्षण कार्यालयातल्या मध्यस्थबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, आणि साडेपाचला शाळेच्या शिपायाने सही-शिक्क्याचा कागद घरी आणून दिला. तो मी तीनदा वाचला. मग यांच्या हातात दिला आणि म्हटलं, मोठ्याने वाचा. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून वरच्या मजल्यावरच्या माणसाशी ओरडून बोलणारा माणूस, आणि चार ओळी वाचता येईनात.

शाळेने डिसेंबरात लेखी कळवलं होतं की हे वर्ष संपलं की हिला ठेवून घेता येणार नाही, स्वमग्न मुलांच्या वेगळ्या शाळेत घाला. ते पत्र आता रद्द झालं.

दोन वर्षांनी तुला लिहिते आहे. फोन करता आला असता. पण फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणाला असतास, आणि तुझं ‘हं’ मला लहानपणापासून सोसत नाही. तू मुंगीला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती सहाची होती. तुझ्या दारापासून गच्चीपर्यंत भिंतीला बोट लावून फिरायची, म्हणून तूच तिला मुंगी म्हणायला लागलास. आता आठची आहे. नाव तेच राहिलं. तेवढं मी बदललं नाही.

हे पत्र समेटाचं समजू नकोस. तुला ही बातमी कळायला हवी, कारण तू एकदा तिच्या शाळेला काहीतरी लिहून दिलं होतंस. काय ते तुला ठाऊक आहे.

वहिनीचा गुडघा कसा आहे?

धाकटी

१४ मार्च, शनिवार

दादा,

तुझं कार्ड मिळालं. “आनंद झाला. कसं जमलं ते सविस्तर लिही. फोन करत नाही, तू नको म्हणाली होतीस.” अक्षर अजून फळ्यावर लिहिल्यासारखंच आहे, ओळ शेवटी उतरत नाही.

आज दुकानात काम कमी आहे, म्हणून लिहायला बसले. पडद्यांचं दुकान आता दोन मशीनचं झालं, हे तुला माहीत नसेल. शटरवरचा रंगही बदलला.

तर सप्टेंबरपासून सांगते. मुंगी शाळेच्या जिन्यावर घसरली. गुडघा फुटला, दोन टाके पडले. मी शाळेला एक पत्र दिलं. त्या पत्राचं पुढे येईलच. ऑक्टोबर उजाडला आणि शाळेतून निरोप यायला लागले. आज रांग मोडली. आज एका मुलाला ढकललं. आज मदतनीस मावशींच्या मनगटाला चावली. या मावशी मुंगीसारख्या मुलांना वर्गात सांभाळायला ठेवल्या आहेत. मुंगी त्यांच्या पदराचं टोक हुंगते, एवढी त्यांची लाडकी. त्यांना चावली म्हटल्यावर मला खरंच वाटेना. मी म्हटलं, शाळा रचून सांगते आहे. शाळा म्हणाली, आईला मुलीचं खरं रूप बघायचंच नाही.

मग लिखापढी सुरू झाली. तूच एकदा जेवताना हसत सांगितलं होतंस, शाळेला एखादं मूल नको झालं की ती आधी वही घालते. तारीख, वेळ, काय घडलं. सहा महिन्यांनी माणसांना बोलावं लागत नाही, वहीच बोलते. तुझं ते बोलणं मी विसरले नव्हते. मीही वही घातली. नवीन आणायचं सुचलं नाही. ग्राहकांच्या खिडक्यांची मापं लिहायची माझी लांब वही आहे ना, तीच उलटी करून शेवटच्या पानापासून सुरुवात केली. पुढून खिडक्या, मागून मुंगी. ती फाटकातून बाहेर आली की जे दिसेल ते तिथेच उभ्याने टिपायचं. डबा खाल्ला का. काही बोलली का. बोट कसं आहे.

बोटाचं असं की दिवसभर भिंत घासून तिच्या उजव्या बोटाचं टोक काळं होतं, आणि घरी आल्यावर मी ते ब्रशने धुते. एखाद्या दिवशी ते मळलेलं नसे. मग मी लिहायची, ‘बोट स्वच्छ’. आणि खरं सांगते, मला बरं वाटायचं. वाटायचं, चला, सवय सुटते आहे.

एकोणीस डिसेंबरला शाळेचं पत्र आलं. ‘विद्यार्थिनीच्या हिताच्या दृष्टीने’ अशी सुरुवात असली की समजावं, हित दुसऱ्या कुणाचं तरी आहे. हे म्हणाले, वकील करू. मी म्हटलं, करू. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, थांबा, शिक्षण कार्यालयात मध्यस्थ असतात. दोन्ही बाजू राजी असल्या तर समोरासमोर बसवतात. निकाल त्या देत नाहीत, आपल्याकडूनच काढून घेतात.

“म्हणजे पंच नाहीच,” हे म्हणाले, “नुसती रिंगण आखून देणारी बाई.”

तरी अर्ज केला. मला वाटलं होतं, शाळा यायला तयार होणार नाही. मुख्याध्यापिकांना वाटलं होतं, मी बैठकीला येणार नाही. अशा रीतीने आम्ही दोघीही आलो.

गिऱ्हाईक आलं. बाकी पुढच्या पत्रात.

धाकटी

१७ मार्च, मंगळवार

दादा,

वीस जानेवारीची बैठक. कार्यालयाच्या मागच्या बाजूची खोली, दोन टेबलं जोडून एक केलेलं. एक टेबल बोटभर उंच होतं. मुख्याध्यापिका उंच बाजूला बसल्या होत्या. मला ते दिसलं, आणि मला ते दिसलं हे त्यांनाही दिसलं. त्यांना तू ओळखतोस, पहिली नोकरी त्यांनी तुझ्याच शाळेत, तुझ्या हाताखाली केली. अजून तशाच, हसायचं तर आधी परवानगी घ्यावी लागेल अशा. त्यांच्यापुढे जाडजूड फाइल. माझ्यापुढे मापांची वही. माझ्या बाजूला हे, इस्त्रीच्या शर्टात अवघडलेले. दाराशी स्टुलावर मावशी, मनगटावर चाव्याच्या खुणा घेऊन. त्यांना पुरावा म्हणून आणलं होतं.

मध्यस्थबाईंना सर्दी झाली होती. रुमाल नाकाशी धरून म्हणाल्या, “मी पंधरा वर्षं नवरा-बायकोंची भांडणं सोडवली. तिथे मूल दोघांनाही हवं असायचं. इथे आले की आधी तेच विचारावं लागतं. हवी आहे का मुलगी, दोघांना?”

मी म्हटलं, “हा काय प्रश्न झाला?”

मुख्याध्यापिका म्हणाल्या, “सुरक्षित राहणार असेल तर आम्हालाही हवी आहे.”

“ठीक. मग वह्या बदला. आपली वही आपण नाही वाचायची. तुमची त्या वाचतील, त्यांची तुम्ही. मोठ्याने. मध्ये कुणी बोलायचं नाही.”

इतके दिवस मी ती वही त्यांच्याविरुद्ध लिहिली होती, त्यांना वाचायला नव्हे. मुख्याध्यापिकांनी चष्मा लावला, वही उघडली आणि ठणठणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

“दिवाणखाना, उत्तरेची खिडकी, रुंदी बावन्न, उंची चौऱ्याऐंशी, डावीकडे पाइप आहे, चुण्या दुप्पट.” त्या थांबल्या. “हे काय आहे?”

“ते दातांच्या डॉक्टरांचं घर,” मी म्हटलं. “वही उलटी धरा. मुलगी मागून आहे.”

मध्यस्थबाईंना हसताना ठसका लागला. हे खिडकीबाहेर बघायला लागले. मुख्याध्यापिकांनी वही उलटी केली, पण ओठ घट्ट आवळून. तेव्हा मला कळलं, या बाईला हसू येतं, दाबायची सवय आहे इतकंच.

मध्यस्थबाई म्हणाल्या, “एकेक तारीख घ्या. आधी शाळा, मग घर.”

मी त्यांच्या फाइलमधून वाचलं, “मंगळवार, सात ऑक्टोबर. दहा पस्तीस. चित्रकलेच्या तासाला वर नेताना जिन्यावर आरडाओरडा. रांग मोडली.”

त्यांनी माझ्या वहीतून वाचलं, “मंगळवार, सात. डबा तसाच. एक शब्द नाही. बोट स्वच्छ.”

“शुक्रवार, दहा. दहा चाळीस. मागच्या मुलाला ढकललं. मदतनिसांना चावली. उरलेला दिवस ऑफिसात बसवलं.”

“शुक्रवार, दहा. डबा तसाच. घरी येऊन पलंगाखाली. बोट स्वच्छ.”

मधल्या दिवसांचं त्यांच्याकडे काहीच नव्हतं, कारण तेव्हा काही घडलंच नव्हतं. माझ्याकडे होतं. “बुधवार. डबा साफ. तीन गाणी, तिन्ही अर्धी. बोट काळं.” असं आम्ही दोघी नऊ आठवडे वाचत गेलो. शाळा, घर. शाळा, घर. चौथ्या आठवड्यापासून मला पुढची ओळ आधीच कळायला लागली. त्यांनाही कळत असावी, कारण त्यांचा आवाज उतरत चालला होता. ज्या ज्या दिवशी शाळेत गोंधळ, त्या त्या दिवशी बोट स्वच्छ. मला ज्या दिवसांचं बरं वाटत होतं, तेच तिचे सगळ्यात वाईट दिवस होते.

“बोटाचं हे काय आहे?” मध्यस्थबाईंनी विचारलं.

मी सांगायच्या आत दाराशी बसलेल्या मावशी बोलल्या. “बोट स्वच्छ असणारच ना. चित्रकलेच्या दिवशी, मंगळवारी आणि शुक्रवारी, तिचा उजवा हात माझ्या हातात असतो. पार फाटकापासून, आणि गोंधळ झाला की उरलेला दिवस तिला ऑफिसात खुर्चीवर बसवतात. माझ्या उजव्या हातात रंगांची पेटी असते, म्हणून डाव्या हाताने तिचा उजवा धरते. ती ओढून ओढून भिंतीकडे जाते, मी सोडत नाही. मग चावते बिचारी. मी असते तर मीही चावले असते.”

“मग सोडत का नाही तुम्ही?” मध्यस्थबाई म्हणाल्या.

“लेखी आदेश आहे. दर वेळी सही करावी लागते, हात सोडला नाही म्हणून.”

“आणि हे आधी का नाही सांगितलंत?”

मावशी म्हणाल्या, “मला कोणी विचारलं?”

तेव्हा हे पहिल्यांदा बोलले. म्हणाले, “लिफ्ट अडकली की आम्ही आधी आतल्या माणसाला हाक मारतो, कुठे थांबलात म्हणून. इथे चार महिने सगळे बाहेरूनच बटणं दाबत होते.”

मध्यस्थबाईंनी मला सांगितलं, “त्या आदेशाचं पान काढा. कशावरून निघाला ते वाचा.”

मी पान उलटलं. मागे माझंच पत्र लावलेलं होतं. सप्टेंबरचं, ज्याचं पुढे येईल म्हणून मी मागच्या पत्रात तुला चकवलं. नियम नियमच, मलाच वाचावं लागलं. “चित्रकलेच्या तासाला जिन्यावरून नेताना माझ्या मुलीचा हात मदतनिसांनी धरलाच पाहिजे. एकदाही सोडता कामा नये. तसा लेखी आदेश काढून त्याची प्रत मला द्यावी. अन्यथा होणाऱ्या परिणामांना शाळा जबाबदार राहील.” शेवटच्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. त्याही फोटोप्रतीत आल्या होत्या.

दादा, मी स्वतः कायम तिचा डावा हात धरते. उजवा कधीच नाही. इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट की पत्रात ‘डावा’ लिहावं हे सुचलंच नाही. खिडकीची डावी-उजवी न लिहिता मी आयुष्यात एक माप घेतलं नाही, आणि पोटच्या पोरीचं माप देताना तेच राहिलं.

मी म्हटलं, “म्हणजे हे सगळं माझ्यामुळे झालं.”

मुख्याध्यापिकांना तिथेच डाव जिंकता आला असता. फाइल मिटून निघाल्या असत्या तरी मी काही बोलू शकले नसते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, “तुमचं पत्र आलं तेव्हा मी घाबरले. आदेश काढताना मी मुलीकडे पाहिलं नाही, तुमच्या त्या दोन रेघांकडे पाहिलं. नंतर ती चावायला लागली तेव्हाही आदेश तपासला नाही, मुलीलाच तपासलं.”

मध्यस्थबाईंनी नाक शिंकरलं आणि म्हणाल्या, “आता दोघी एकाच बाजूला बसा. ही टेबलं मला कधीची सरळ करायची आहेत.”

धाकटी

१९ मार्च, गुरुवार

दादा,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण पुढचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

ठरलं ते असं. सत्तावीस जानेवारीपासून सहा आठवडे, म्हणजे जिन्याचे बारा दिवस, करून बघायचं. मुंगी रांगेत उजवीकडे, भिंतीलगत. मावशी चढताना तिच्या मागे एक पायरी, उतरताना पुढे एक पायरी. हात कुणी धरायचा नाही. जिना दोन्हीकडून भिंतींचा आहे, त्यामुळे जाताना-येताना तिला उजवी भिंत मिळते. आणि वह्या दोन नकोत, एकच. ती मी शिवली. उरलेल्या निळ्या कापडाचं वेष्टण घातलं. डाव्या पानावर शाळा, उजव्यावर घर. रोज मुंगीच्या दप्तरातून जायची आणि यायची. तिच्यात तक्रार लिहायची नाही, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. तक्रार असेल तर आधी फोन, मग भेट, आणि तरीही नाहीच मिटलं तर पत्र. मध्यस्थबाई म्हणाल्या, “पत्र लिहावंसं वाटलं की एक रात्र उशाशी ठेवा. सकाळी दोन रेघांची एक होते.”

पहिल्या दिवशी मी कापड उलटं कापलं. साडेदहाला कात्री हातात घेऊन नुसती घड्याळाकडे बघत होते. संध्याकाळी डावं पान उघडलं. “वर गेली. खाली आली. चित्रात एक रेघ, पूर्ण पानभर.” मी उजव्या पानावर लिहिलं, “बोट काळं. डबा साफ.” आणि मग दुकानातल्या मुलीला उगाचच चहा सांगितला.

चौथ्या दिवशी, सहा फेब्रुवारीला, मावशींना ताप होता. बदली बाईंना कुणी वही दाखवली नव्हती, त्यांनी उजवा हात धरला. मग व्हायचं तेच झालं. मी पत्र लिहायला कागद काढला. खरंच काढला. मग फोन उचलला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “मी तुम्हालाच लावत होते. चूक आमची. वही आता शाळा सुटेपर्यंत वर्गाच्या दाराला दोरीने बांधते, बदलीचं माणूस आधी ती वाचेल, मग मुलीजवळ जाईल.” पाच मिनिटांचं बोलणं. डिसेंबरात याच गोष्टीवर तीन पत्रं आणि एक वकील झाला असता.

आणि तेरा फेब्रुवारी. हे मात्र तू समोर असतास तर उभं राहून करून दाखवलं असतं.

शाळेने जिन्याच्या भिंती रंगवायला काढल्या होत्या. ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. साडेदहाला वर्ग जिन्याशी आला तर पूर्ण भिंत ओल्या पिवळ्या रंगाची, वर शिडीवर रंगारी. मुंगी थांबली. मागची सगळी मुलं थांबली. रंगारी वरून ओरडला, “ए, हात लावायचा नाही हं, ओला आहे!” मुंगीने भिंतीकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, म्हणाली, “ओलं.” आणि बोट टेकवून चढायला लागली. चोवीस पायऱ्या, मधला कट्टा धरून. रंगारी शिडीवरून बोंबलतोय, मुलं मागून टाळ्या वाजवतायत, आणि ही न थांबता, न घाईने, एका उंचीवरून रेघ ओढत वर. मधे कुठे तुटली नाही.

आवाज ऐकून मुख्याध्यापिका आल्या. रंगारी म्हणाला, “बघा बाई, काय करून ठेवलंय. आता परत हात मारावा लागेल.”

त्या रेघेकडे बघत राहिल्या. वरपर्यंत. मग म्हणाल्या, “नाही मारायचा. राहू दे तशीच.”

“अहो पण दिसेल ती.”

“दिसू दे ना. जिना कसा चढायचा ते कळेल सगळ्यांना.”

त्या दिवशी मुंगी घरी आली ती पिवळं बोट झेंड्यासारखं वर धरून. मी वहीत लिहिलं, “बोट पिवळं. धुऊ दिलं नाही.” डाव्या पानावर मुख्याध्यापिकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, “रेघ पाहायला या.” दादा, या शाळेने दोन वर्षं मला फाटकाच्या आत येऊ दिलं नव्हतं.

मी गेले. रेघ माझ्या कमरेच्या थोडी वर आहे. टेप होतीच पर्समध्ये. जाण्याची भिंत एकोणतीस फूट चार इंच. मापांच्या वहीत लिहून ठेवलंय, पुढच्या बाजूने, खिडक्यांमध्ये.

बारा दिवसांतले अकरा बिनघोर गेले. त्यावर नऊ मार्चला सह्या झाल्या.

धाकटी

२१ मार्च, शनिवार

दादा,

तुझं पत्र. या वेळी पूर्ण पान. शेवटी एकच प्रश्न, “माझं पत्र त्या फाइलमध्ये होतं का?”

होतं. मी तुला एवढं लांबलचक लिहिलं आणि तेवढंच गाळलं. आता लिहिते.

तुला कदाचित हे माहीत नसेल की दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापिकांनी मला तुझं पत्र दाखवलं नव्हतं, नुसतं वाचून दाखवलं होतं. एक ओळ. “सदर मुलीसाठी, माझ्या मते, आज तरी वेगळी शाळा अधिक योग्य ठरेल.” खाली तुझी सही, असं म्हणाल्या. मी तिथून बाहेर येऊन फाटकाशीच तुला फोन केला होता. काय बोलले ते आठवतं. तू “हं” म्हणालास. पुढचं तुला बोलूच दिलं नाही मी.

वीस जानेवारीला, माझं पत्र वाचून झाल्यावर, मध्यस्थबाई फाइल चाळत होत्या. म्हणाल्या, “हे एक राहिलं. हेही तुम्हीच वाचा.” तुझं अक्षर मी लांबूनच ओळखलं. पहिल्या पानावरची ती ओळ मला पाठ होती. ते पान संपवून मी कागद खाली ठेवला. त्या म्हणाल्या, “मागे आहे.”

मागे होतं. “मात्र तिला तुमच्याकडेच ठेवायचं ठरलं, आणि तिची आई ते ठरवल्याशिवाय राहणार नाही, तर एक गोष्ट पाळा. ही मुलगी भिंतीच्या आधाराने चालते. उजव्या हाताचं बोट भिंतीला असेल तर ती कुठेही येते, नसेल तर पाऊल टाकत नाही. तो हात कुणी धरू नये. बाकी सगळं आईला विचारा. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

मध्यस्थबाईंनी पाण्याचा पेला सरकवला, झाकणासकट, आणि मी तसाच तोंडाला लावला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “पान उलटायचं राहिलं माझ्याकडून.” बस, एवढंच. मी तर ते हातातही घेतलं नव्हतं.

आता नीट ऐक. पहिलं पान चूकच होतं. मला न विचारता लिहिलंस हे त्याहून चूक. दुसऱ्या पानाने पहिलं पुसलं जात नाही. आणि दुसरं पान न वाचता मी दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाही, तुझी दोन पार्सलं न उघडता परत पाठवली, तेही कशाने पुसलं जात नाही. दोन्ही राहू देत. त्या जिन्यावरच्या रेघेसारखी.

तिसरं पार्सल मी परत पाठवलं नव्हतं. गेल्या वर्षीचं, मुंगीच्या वाढदिवसाचं. कपाटावर आहे, चिकटपट्टीही काढलेली नाही. हे अधूनमधून त्याची धूळ झटकतात आणि मी बघितलं नाही असं दाखवतात.

धाकटी

२५ मार्च, बुधवार

दादा,

कार्ड मिळालं. “पहिलं पान चुकलं. मान्य.” तुझ्याकडून पाच शब्दांची अपेक्षा होती, चार आले. चालतील.

तुम्ही दोघं येताय ती गाडी शुक्रवारी सकाळी सव्वानऊला पोचते, म्हणजे वेळ आहे. हे स्टँडवर असतील, यांना ओळखशील, फक्त पोट वाढलंय. वहिनीला जिना चढवू नकोस. तिला ऑफिसात बसवतील, चहा देतील, मी सांगून ठेवलंय.

मुख्याध्यापिकांनी जिन्यावर दोन माणसांची परवानगी दिली आहे, मी आणि तू. त्या स्वतः खाली उभ्या राहणार आहेत. म्हणाल्या, “सरांना सांगा, मी आता पानं उलटून वाचते.” आणि हसल्या. खरंच हसल्या, मी मावशींना साक्षी ठेवून सांगते. जूनमध्ये नवा वर्ग, नव्या बाई. त्यांच्याबरोबरची पहिली बैठक शाळा उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठरली आहे, निळी वही मधे ठेवून. वेगवेगळ्या उंचीची टेबलं नकोत, हे मी आधीच कळवलंय.

मुंगीला सांगितलं, मामा येतोय. तिने विचार केला आणि म्हणाली, “डावा.” मला वाटतं, तुझ्यासाठी तिने तो हात मोकळा ठेवला आहे.

साडेदहाला वर्ग जिन्याशी येईल. तू तिच्या डाव्या बाजूला उभा राहा. घाई करू नकोस, ती मधल्या कट्ट्यावर थोडी थांबते. चढून झालं की घरी ये. पार्सल तूच उघडायचं आहे.

धाकटी